शाळेने मागवलेला हत्ती

मंगळवार, आठ जुलै. मी पोळ्यांची कणीक मळत असताना मुलीच्या शाळेने हत्ती मागवला.

दुसरीच्या पालकांच्या ग्रुपवर चित्रकलेच्या नव्या मॅडमचा आवाज आला, कानडीत. "नाळे एल्लारू स्वल्प हत्ती तगोंडु बन्नी." बेंगळुरूत मला नऊ वर्षं झाली. जयनगरच्या बाजारात मी कानडीत भांडते. (समोरचा हिंदीत उत्तर देतो, हा त्याचा प्रश्न.) 'उद्या सगळ्यांनी छोटा हत्ती घेऊन या', एवढं तर सहज कळलं. बाकीच्या आयांनी निमूट 'ओके' टाकलं. एका संध्याकाळीत हत्ती करायचा, आणि कुणाला काहीच वाटत नाही!

"आई, या वेळी मी एकटी करणार," मुक्ता म्हणाली. "शनिवारी भिंतीवर लावणार आहेत."

गेल्या वर्षी तिचं घुबड मी केलं होतं. त्याखाली बाईंनी 'मुक्ताच्या आईचे अभिनंदन' असं लिहिलं. तिला ते लागलं होतं. मला आवडलं होतं.

"कर की. फक्त सांगाडा मी करून देते."

"आई, तो हत्ती वेगळा असतो."

"वेगळाच करतेय. बाकीचे मातीचे आणतील, आपण कागदाच्या लगद्याचा."

"अगं, पण मॅडम…"

"मुक्ते, शेपटीला दोरा आण."

नवरा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आला, तेव्हा मी केसांच्या ड्रायरने हत्ती वाळवत होते आणि हत्ती सोंडेवर पडत होता.

"वजन पुढे गेलंय," तो म्हणाला आणि त्याने मागून दोन नट कोंबले.

"आता मागे पडतोय."

"मग सोंड वाढव."

सोंड वाढवली. कान लहान दिसायला लागले. कान वाढवले. जेवणाच्या वेळेपर्यंत छोटा हत्ती पाच लिटरच्या कुकरएवढा झाला. मुक्ताला एक डोळा रंगवायला दिला. (दुसरा मीच रंगवला. तो तरी नीट नको का?)

सकाळी रिक्षात हत्ती माझ्या मांडीवर आणि मुलगी कडेला. मॅडमना आज सोडायचं नाही, असं ठरवूनच निघाले होते. वर्गाच्या दारातच त्यांना हिंदीत सुनावलं. मुलांनी हाताने करून शिकायचं ना? मग एका संध्याकाळीत हत्ती कसा मागता? शेवटी तो आईबापांच्याच गळ्यात पडतो!

मॅडमनी हत्तीकडे पाहिलं. "मेडम, इदु आने," त्या म्हणाल्या. मग एका मुलाच्या हातातली पुडी उचलून दाखवली. "इदु हत्ती."

पुडीत कापूस होता. अख्खा वर्ग कापूस घेऊन बसला होता, कागदावरच्या मेंढीला लोकर चिकटवायला. रिकाम्या हाताची एकटी मुक्ता.

"मी सांगत होते," ती म्हणाली.

मला भयंकर राग आला. आधी मॅडमचा, मग कानडीचा, मग नवऱ्याचा (तो तिथे नव्हता, पण सवय), आणि दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा माझा. हत्ती वॉचमनच्या टेबलावर आदळला आणि समोरच्या मेडिकलमध्ये धावले.

"अण्णा, हत्ती इदेया?"

त्याने मान वर न करता कापसाची गुंडाळी पुढे सरकवली.

मुक्ताने ती माझ्या हातातून ओढून घेतली. "आता तू घरी जा."

"जातेच आहे."

जाता जाता खिडकीतून एकदाच डोकावले. तिने सगळा कापूस मेंढीच्या तोंडाला फासला होता.

"मुक्ते, पाठीला लाव. पाठीला."

मॅडम उठल्या आणि त्यांनी शांतपणे खिडकी लावून घेतली.

मी वर्गाच्या दाराकडे गेले.