अकराव्या नंबरचा कीपर

मुजम्मिल मापारी बॅटिंगला निघाला की आमची माणसं किट आवरायला घ्यायची. त्यात चेष्टा नव्हती, सवय होती. पॅड बॅगेत जायचे, पाण्याचे कॅन पिकअपमध्ये चढायचे, आणि बॅगेची चेन लागायच्या आत मुजम्मिल परत आलेला असायचा. बॅट काखेत, चेहऱ्यावर जरासं ओशाळं हसू. "खलास," एवढंच म्हणायचा.

तोच माणूस ग्लोव्हज घालून स्टंपांमागे बसला की वेगळा दिसायचा. मी पहिल्या स्लिपला, त्याच्या उजव्या हाताला उभा राहायचो, म्हणून हे सांगू शकतो. इथे आखातात, वादी कबीरमधलं आमचं मैदान म्हणजे दाबून बसवलेली खडी आणि माती, मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर खिळे ठोकून ताणलेली हिरवी मॅट. मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. मॅटच्या कडेला बॉल पडला तर कधी गुडघ्याखाली राहायचा, कधी नाकापाशी यायचा. मुजम्मिल तो असा घ्यायचा, जसं कुणी समोरून हातात दिलेलं घ्यावं. आवाजसुद्धा व्हायचा नाही.

आम्ही सगळे एकाच कंपनीतले. अॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे करणारं वर्कशॉप, वर छोटं ऑफिस. मुजम्मिल वर्कशॉपमध्ये कटिंगला, मी स्टोअरमध्ये. राहायलाही आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये होतो. तो बायको सफूरा आणि मुलगी नूरैनबरोबर पहिल्या मजल्यावर, मी त्याच्या डोक्यावर. शुक्रवारी पहाटे आम्ही बरोबरच निघायचो, कारण जुम्म्याच्या नमाजाआधी मॅच संपवावी लागायची.

हे कीपिंग तो शिकला कुठे, असं मी त्याला एकदा विचारलं. तो दाभोळचा, चार भावांत धाकटा. धक्क्याजवळच्या मोकळ्या जागेत ते खेळायचे आणि कीपरच्या मागे लगेच खाडी होती. बॉल एकच. जो सोडेल त्याने पाण्यात उडी मारून आणायचा. "बॅटिंग थोरल्यापासून सुरू व्हायची," तो म्हणाला, "माझा नंबर येईस्तोवर मगरिबची अजान व्हायची. मग घरी. बॅट हातात कधी आलीच नाय, तर येणार कशी?"

२०१४च्या हिवाळ्यात आमचा मोसम वाईट सुरू झाला. बोलिंग चांगली व्हायची, समोरच्यांना आम्ही कमी रनांत गुंडाळायचो, आणि मग आम्हीच त्याहून कमी रनांत गुंडाळले जायचो. लागोपाठ मॅच हरलो. त्याच सुमारास ऑफिसात रायन रुमाव नावाचा नवा मुलगा लागला. वसईचा, नुकता डिप्लोमा झालेला. उंच, दणकट, पहिल्याच मॅचमध्ये त्याने बॉल रस्त्यापलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर टाकला. बोलता बोलता कळलं की कॉलेजात त्याने कीपिंगही केलेलं आहे.

हे ऐकून आमचे मॅनेजर चंद्रहास सर खुर्चीत पुढे सरकले. सरांना क्रिकेटचं वेड होतं, आणि टीमला कपडे, किट, गाडी सगळं त्यांच्याच शब्दावर मिळायचं. त्यांनी आमच्या कॅप्टनला, फेलिक्स डाबरेला, बोलावून घेतलं. मी तेव्हा स्टोअरच्या चाव्या द्यायला तिथेच होतो.

"फेलिक्स, आपण दहा बॅट्समननी खेळतोय," सर म्हणाले. "कीपिंग रायनला दे. मुजम्मिलच्या जागी अजून एक मारणारा घे. सरळ हिशेब आहे."

"सर, तो कीपर म्हणून या लीगमध्ये सगळ्यांत चांगला आहे."

"असेल. पण त्याने वाचवलेले रन बोर्डावर कुठे दिसतात?"

"न झालेले रन बोर्डावर कसे दिसणार, सर?"

सर हसले. "मग झालेले तरी दिसू देत."

खरं सांगायचं तर सरांचं म्हणणं चूक नव्हतंच. हरणाऱ्या टीमच्या कॅप्टनने हट्ट कुठवर धरायचा? दुपारी फेलिक्स खाली वर्कशॉपमध्ये गेला. मुजम्मिलने मशीन बंद केलं, ऐकून घेतलं.

"तुमचा निर्णय, फेलिक्सभाय. टीम जिंकाया हवी," तो म्हणाला. मग मशीनकडे वळत, "त्या पोराला सांगा, रस्त्याकडच्या टोकाला मॅटचे दोन खिळे वर आलेत. तिथे पडला की बॉल अचानक वळतो."

घरी त्याने सफूराला नुसतं "आता बसून मॅच बघणार" असं सांगितलं. पण दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये टकटक ऐकू येऊ लागली. मी गॅलरीतून बघितलं तर मुजम्मिल भिंतीपुढे बॅट घेऊन उभा आणि नूरैन टेनिस बॉल टाकतेय. पोर सहावी-सातवीत असेल. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत इंग्रजी. मराठी बोलायची ती शब्द शोधत शोधत.

"अब्बा, तुम्ही ना..." ती म्हणाली, "तुम्ही आईज क्लोज करता. म्हणजे, डोळे मिटता. बॉल आला की."

"नाय गं."

"करता! मी बघते ना."

खिडकीतून सफूरा हसली. "ओ, स्टंपांमागे जन्मात कधी पापणी लवली नाय तुमची, आणि आता बॅट हातात घेतल्यावर डोळे मिटताय?"

मुजम्मिलने बॅट भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "तिथे बॉल माझ्याकडे येतो गं. इथे तो माझ्यावर येतो."

त्यानंतर रोज संध्याकाळी हे चालू राहिलं. नूरैन बॉल टाकायची आणि ओरडायची, "आईज!" बिल्डिंगमधल्या मलबारी मावशीसुद्धा जाता-येता "आईज, आईज" करून त्याला चिडवायच्या. तो काही बॅट्समन झाला नाही. पण सरळ बॉल अडवायला लागला, एवढं खरं.

तिकडे रायन कीपिंग करत होता आणि टीम खरोखरच दोन मॅच जिंकली. रन वाढले. चंद्रहास सरांनी सगळ्यांना शेजारच्या रुवीत बिर्याणी खाऊ घातली. मुजम्मिल बारावा खेळाडू म्हणून पाणी घेऊन यायचा, रायनला ग्लोव्हज बदलायला मदत करायचा, आणि परत सावलीत जाऊन बसायचा. त्याच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. फक्त आमची बोलिंग सुरू असताना त्याचे हात मांडीवर आपोआप वळायचे, जणू प्रत्येक बॉल तोच घेत होता.

मग हळूहळू दुसरी गोष्ट घडायला लागली. आमचा मुख्य बोलर तय्यब, श्रीवर्धनचा, कंपनीची पिकअप चालवायचा. ऑफस्पिन टाकायचा, बॉल इतका उंच आणि सावकाश सोडायचा की बॅट्समनला मोह व्हायचाच. तो पुढे धावायचा, चुकायचा, आणि मागे मुजम्मिलने बेल्स उडवलेल्या असायच्या. रायन कीपर झाल्यानंतरच्या तिसऱ्या मॅचला तय्यबने बॅट्समनला असाच पुढे ओढला. तो दोन पावलं बाहेर आला, साफ चुकला. बॉल रायनच्या मनगटाला लागून खडीवरून सीमेपार गेला. बाईजचे चार. पुढच्या ओव्हरला पुन्हा तेच. त्यानंतर तय्यबने बॉल हवेत सोडणंच बंद केलं. सपाट, वेगात, पायावर टाकू लागला आणि मार खाऊ लागला. ती मॅच आम्ही हरलो.

गाडीत फेलिक्सने त्याला विचारलं, "तय्यब, हवेत का नाही टाकलास?"

"मागे कोण हाय ते बघून टाकतो, फेलिक्सभाय," तय्यब स्टिअरिंगवरची नजर न हलवता म्हणाला.

रायन मागच्याच सीटवर होता. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण बिल्डिंगपाशी उतरल्यावर तो फेलिक्सच्या मागोमाग गेला.

"अंकल, एक सांगू?" तो म्हणाला. "मी कॉलेजात दोनच मॅच कीपिंग केलेली. रेग्युलर कीपरचं बोट मोडलं होतं म्हणून. मला येत नाही. सरांपुढे नाही म्हणायला जमलं नाही."

"मग तुला काय येतं?"

"बॅटिंग येते. आणि पॉइंटला उभं करा, तिथून एक बॉल जाऊ देणार नाही."

ही कबुली ऐकून फेलिक्सला हायसं वाटलं, पण पेच सुटला नव्हता. मुजम्मिलला परत आणायचं तर कुणाला तरी काढायला हवं, आणि बॅट्समन कमी करून चालणार नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी रुवीत चहाच्या टपरीपाशी आम्ही सगळे जमलो. चंद्रहास सरही आले. हातात कडक चहाचा कागदी कप धरून फेलिक्सने उद्याची टीम सांगायला सुरुवात केली. एकेक नाव घेत गेला. रायन चौथ्या नंबरवर, पॉइंटला. कीपर मुजम्मिल. कॅप्टन तय्यब.

"तय्यब?" सर म्हणाले. "आणि तू?"

"मी पाणी आणीन."

क्षणभर कुणालाच कळेना. चौथा नंबर फेलिक्सचा होता. टीम काढल्यापासून त्याचाच होता.

"वेडा आहेस का?" सर म्हणाले. "मुजम्मिलपेक्षा तू कितीतरी बरा बॅट्समन आहेस."

"आहे ना, सर. पण रायन माझ्याहून बरा आहे. आणि फील्डिंगला माझा गुडघा वाकत नाही, तुम्ही बघताच." फेलिक्स शांतपणे बोलत होता, त्याने हे सगळं मनात पुष्कळ वेळा घोळवलं असणार. "मला काढलं तर माझे थोडे रन जातील. मुजम्मिलला काढलं तर त्याच्याबरोबर तय्यबही जातो. मी स्वतःला त्याच्याशी तोलून बघितलं, सर. मी हलका पडलो."

मुजम्मिल कोपऱ्यात उभा होता. "फेलिक्सभाय, असं नका करू," तो म्हणाला. "माझ्यासाठी कुणी बाहेर बसलेलं मला आवडायचं नाय."

"तुझ्यासाठी नाही बसत. टीमसाठी बसतोय. तू बसला होतास ना?"

सरांनी चहाचा कप चुरगळला आणि "बघा बाबा, तुमचं तुम्ही," म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

पुढच्या मॅच आम्ही जिंकत गेलो. सगळ्या सहज नाही, एक तर शेवटच्या ओव्हरला. तय्यब पुन्हा बॉल हवेत सोडू लागला. रायन पॉइंटला खडीवर कोपरं सोलून घ्यायचा आणि चौथ्या नंबरवर मारायचा. फेलिक्स पाणी घेऊन यायचा, आणि सुरुवातीला त्याला तसं बघून आम्हालाच लाज वाटायची. मग सवय झाली.

सेमीफायनलला समोरची टीम तगडी होती. त्यांचा एक डावरा बॅट्समन जमला होता आणि त्याने अजून थोडा वेळ काढला असता तर आमचं काही खरं नव्हतं. तय्यबचा एक बॉल पायाबाहेर गेला. डावऱ्याने वळून मारायचा प्रयत्न केला, त्याचा मागचा पाय तेवढ्यापुरता उचलला गेला. मी स्लिपमध्ये असूनही मला बॉल दिसला नाही, मधे बॅट्समन होता. मुजम्मिललाही दिसला नसणार. बेल्स पडल्याचा आवाज आला आणि तो अंपायरकडे बघत नुसता उभा राहिला. अपीलसुद्धा त्याने हळू आवाजातच केलं. डावरा जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

आमच्या बॅटिंगला रायनने जोर लावला, पण दुसऱ्या बाजूने माणसं जात राहिली. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलवर विकेट पडून मुजम्मिल आत गेला तेव्हा पाच बॉलांत सहा रन हवे होते. त्या दिवशी कुणी किट आवरायला घेतलं नाही. सफूरा आणि नूरैन गाडीच्या सावलीत उभ्या होत्या. पहिला बॉल त्याने अडवला. दुसऱ्यावर कसाबसा एक काढला. रायनने दोन पळून घेतले, मग एक. बरोबरीला एक आणि जिंकायला दोन रन हवे असताना मुजम्मिलसमोर शेवटचा बॉल आला. वेगात, सरळ, अगदी बुंध्यात. त्याची बॅट खाली आली, पण उशिरा. मधला स्टंप मागे जाऊन पडला.

आम्ही हरलो.

तो चालत आला तेव्हा नूरैन त्याच्याकडे धावली. "अब्बा, डोळे ओपन होते! मी बघितलं!"

"होय," तो म्हणाला. "सगळं दिसलं. कुठून आला, कुठे गेला, सगळं." आणि मोठ्याने हसला, मग बराच वेळ ग्लोव्हजची पट्टी उगाच सोडत-लावत बसला.

गाडीपाशी चंद्रहास सर म्हणालेच, "अजून एक बॅट्समन असता तर निघाली असती मॅच."

"निघाली असती," तय्यब म्हणाला. "पण तो डावरा टिकला असता ना सर, तर मग एवढेच रन नसते काढायचे."

दोघंही फेलिक्सकडे बघू लागले. फेलिक्स कॅनमधलं उरलेलं पाणी तोंडावर मारत होता. "दोघंही बरोबर बोलताय," तो म्हणाला. "यल्ला, चला, नमाजाला उशीर होतोय यांना."

पुढच्या ऑक्टोबरात टीम ठरवायला बसलो तेव्हा चंद्रहास सरांनीच पहिलं नाव घेतलं, "कीपर मुजम्मिल," आणि मग बाकीच्या नावांवर आम्ही यथेच्छ भांडलो. फेलिक्स पुन्हा खेळला नाही, पण एकही शुक्रवार त्याने चुकवला नाही.

मुजम्मिल २०१८पर्यंत खेळला. त्याच्या बॅटिंगमध्ये विशेष फरक पडला नाही. एकदा त्याने नऊ केले, त्याबद्दल सफूराने सगळ्या बिल्डिंगला शेवयांची खीर पाठवली. पुढे त्याची कंबर धरू लागली आणि त्याने स्वतःहून ग्लोव्हज रायनला दिले. मधल्या वर्षांत रायन त्याच्याकडे पार्किंगमध्ये कीपिंग शिकायला यायचा. आधी लाजत, मग हक्काने, मग जेवूनच जायचा. आता रायन बरा कीपर आहे. मुजम्मिलइतका नाही, हे तो स्वतःच सांगतो.

परवाच्या शुक्रवारी त्याच्याकडून एक सोपा कॅच सुटला. त्याने लगेच सावलीत बसलेल्या मुजम्मिलकडे बघितलं. मुजम्मिल ओरडला नाही. त्याने फक्त तळहात जमिनीकडे करून दोनदा दाबल्यासारखा केला: अजून खाली बस, उठायची घाई करू नकोस. रायनने मान हलवली आणि पुढच्या बॉलला थोडा खाली बसला.