पाऊस मोजणारा दत्तूदादा

पाऊस मोजला म्हणून माझ्या भावाला गावकीने वाळीत टाकलं होतं.

चुकून नाही. देवळात बसून, सगळ्यांच्या संमतीने.

आज दत्तूदादाची पुण्यतिथी. दरवर्षी मी गप्प बसते. या वर्षी बसणार नाही.

मी नव्वदी कधीच ओलांडली आहे. नातसून टाइप करतेय. ती म्हणते, "आजी, शब्द जरा सॉफ्ट करू का?"

नको.

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली, तिसाच्या दशकातली. वाडी पोलादपूरच्या खोऱ्यातली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

दादा मुंबईत रेडिओच्या दुकानात कामाला होता. बाबांचा पाय मोडला म्हणून शेतीसाठी घरी आला. येताना ट्रंकेत कपडे कमी आणि तारा, बॅटऱ्या, काचेचे व्हॉल्व्ह जास्त.

फणसापासून घरापर्यंत त्याने एरियलची तार ओढली. बिस्किटांच्या पेटीत रेडिओ बसवला.

हेडफोन एकच होता. तो पितळी पातेल्यात ठेवला की पातेलं गायला लागायचं. अख्खी वाडी आमच्या ओटीवर. तेव्हा कुणाला तारेचा त्रास नव्हता बरं का. चहा पिऊन जायचे सगळे.

मग दादाने अंगणात रॉकेलचा डबा मांडला. वर पत्र्याचं नरसाळं, आत बाटली. छपरावर वारा बघायला पत्र्याचा बाण. सकाळी बाटलीतलं पाणी मोजायचा आणि ओटीवरून मोठ्याने सांगायचा, "काल एक इंच."

इथेच ठिणगी पडली.

आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. एक म्हटलं तर बरकत जाते अशी समजूत.

गावकीचे म्होरके तात्या. ते एकदा अंगणात येऊन म्हणाले, "दत्तू, पयल्या इंचाला लाभ म्हन रे. एक नको म्हनू."

दादा हसला. "तात्या, भात आपलं हाय, त्याला लाभ म्हनतो. पाऊस कुठं आपला हाय?"

तात्या पाठ फिरवून अंगणातून निघून गेले.

त्याच वर्षी हस्ताचा पाऊस दडी मारून बसला. भात पोटरीला आलेलं. लोंब्या बाहेर पडल्या त्या पोकळ. बायका बांधावर बसून रडल्या. आमची आईसुद्धा रडली, कारण आमचंही शेत तसंच गेलं होतं. हे मात्र कुणी लक्षात घेतलं नाही.

देवळात बैठक बसली. तात्या म्हणाले, "तारेनं ढग वढून नेले नि ह्यानं एक म्हनून लाभ घालवला." शहाणीसुरती माणसं माना डोलवत होती. पातेल्यातलं गाणं ऐकून गेलेलीच माणसं.

दादाला सांगितलं, तार काढ, डबा फोड आणि देवासमोर चूक कबूल कर.

दादा म्हणाला, "तार काडतो. डबा फोडतो. पन पाऊस माज्यामुळं गेला असं नाय म्हननार. ते खोटं हाय."

एवढंच. एवढ्यासाठी आमचं घर वाळीत.

उरलंसुरलं भात कापायला कुणी आलं नाही. पाणवठ्यावर आई गेली की बाकीच्या बायका हंडे उचलून निघून जायच्या. तिची सख्खी मैत्रीण तिच्याशी बोलेना. मोडक्या पायाचे बाबा दारोदार हात जोडत फिरले.

शेवटी गावकीने तोड काढली. दत्तू वाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही, मग बाकीच्या घराला परत गावकीत घेऊ.

दादाने पेटी उचलली, दासगावच्या बंदरावर गेला आणि लाँचने मुंबईला निघून गेला. आमच्यासाठी गेला. डरपोक म्हणून गेला असं नंतर सांगणारेही निघाले. त्यांच्या जिभेला हाड नाही.

पुढच्याच वर्षी आई गेली.

निरोप मिळाल्यावर दादा धावत आला. वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे वाडीची माणसं उभी होती. म्हणाली, "अलीकडं आलास तर मयताला कोन हात लावनार नाय."

आई ताटकळत राहू नये म्हणून तो पलीकडेच थांबला. तिरडी वहाळाच्या काठाने गेली. थोरला मुलगा पलीकडच्या काठाने बरोबरीने चालत होता. अग्नी चुलतभावाने दिला.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अजून आठवलं की अंगाची आग होते.

दादा पुन्हा वाडीत आला नाही. स्वातंत्र्यानंतर त्याला हॅम रेडिओचं लायसन्स मिळालं. त्यावरून समुद्रापलीकडची माणसं त्याच्याशी बोलायची. मी मुंबईला गेले की त्याचा पहिला प्रश्न, "वाडीत पाऊस किती, गो?"

मी म्हणायचे, "बरा हाय."

"बरा म्हंजे किती?" म्हणून चिडायचा.

आता काल फोन आला. वाडीत ऑटोमॅटिक हवामान केंद्र बसतंय. त्याला दादाचं नाव. व्हॉट्सॲपवर पत्रिकाही आली. त्यात छापलंय, 'वाडीचे सुपुत्र'. आणि फीत मी कापायची.

फोन करणारा तात्यांचा पणतू. पोरगा गोड बोलतो.

मी म्हटलं, "सुपुत्र होता, तर आईला खांदा का नाही देऊ दिलात?"

तो म्हणाला, "आजी, तेवा मी नव्हतो."

"मी होते," म्हटलं आणि फोन ठेवला.

केंद्र बसवा, चांगलंच आहे. फीत कुणाकडूनही कापून घ्या. पण भाषणात आधी हे सांगा, मग त्याचं नाव घ्या.

दादा, भावपूर्ण श्रद्धांजली. भाव रागाचा आहे, चालवून घे.