तोर्फीची तीन मुलं एका रांगेत

नऊ वर्षं ऑडनीने भावाशी बोलणं टाकलं होतं, आणि आता त्याच्यावाचून गावाचं गायनमंडळ बंद पडायची वेळ आली होती. खर्जात गाणारा म्हातारा ऑगस्टात गेला. तसा दुसरा आवाज अख्ख्या खाडीत एकच उरला होता, एविंदुरचा.

"चिटणीस तू, पत्र तूच लिही," संचालक हाफ्लिदी म्हणाला. "नाताळपर्यंत तो आला नाही तर कुलूप."

"मी लिहू? त्याला? मेले तरी नाही!"

बापाची बोट एविंदुरने तिला न विचारता विकली, हे खरं. पण साऱ्या मंडळासमोर "तू बापालाच विकलंस" असं त्याच्या तोंडावर फेकलं ते ऑडनीने. तो टोपी घालून गेला तो गेलाच. आपलंच चुकलं हे तिला कळत होतं हो, पण सांगायला जीभ रेटत नव्हती.

त्यात मंडळाच्या ऑफिसात ईमेलचा नवा प्रोग्रॅम आला आणि पत्त्यांच्या यादीचा पार विचका झाला. आइसलंडात आमच्याकडे यादी लागते ती माणसाच्या स्वतःच्या नावाने. मागे तोर्फादोत्तिर आलं म्हणजे बाई तोर्फीची मुलगी, एवढंच. पण परदेशात बनलेल्या त्या शहाण्याने दोनशे माणसं बापांच्या नावाखाली कोंबली होती!

ऑडनीने राजधानीत मेल्कोर्काला फोन लावला. ती ही यंत्रं दुरुस्त करते.

"सेटिंगमध्ये 'आधी नाव' निवडलंस का?"

"निवडलं. ढिम्म हलत नाही मेलं."

"ते फक्त नव्या नावांना लागतं गं. जुनी ज्या क्रमाने साठवलीत तशीच राहतात. थांब, मीच इथून सगळी एकदम बदलते. दहा मिनिटं दे."

"घे बाई, डोकं उठलंय माझं."

तेवढ्या वेळात ऑडनी यादी उगाच खाली सरकवत बसली. तोर्फीपाशी, स्वतःच्या बापाच्या नावाशी, हात थांबला. एविंदुर, ऑडनी, सायुन. एरवी एविंदुर पार वर असायचा, ती डोळा चुकवून पुढे जायची. धाकटी सायुन खूप खाली. दोन वर्षांपूर्वी कर्करोगाने गेली, पण तिचा पत्ता खोडायचा धीर ऑडनीला झाला नव्हता. तिच्या अंत्यविधीलाही ही दोघं चर्चच्या दोन टोकांना बसली होती. आणि इथे तिघं एकाखाली एक, आई चुलीपाशी जेवायला बसवायची तशी. ऑडनीला रडू आवरेना.

सायुनला आता लिहून काही उपयोग नव्हता. वरच्याला होता.

"एविंदुर, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. माझं चुकलं. मंगळवारी सातला तालीम आहे. ये."

मेल्कोर्काने फोन केला. "झालं बघ, सगळे आपापल्या जागी."

"बरं केलंस," ऑडनी नाक पुसत म्हणाली.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "मीही विचारायला हवं होतं. येतो. सवय गेलीय, बेसूर झालो तर हसू नकोस."

मंगळवारी तो आला, मान हलवली आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. हाफ्लिदीने हात उचलला. पाठीमागून तो आवाज उठला, थोडा खरखरीत, पण तोच. पहिलं कडवं ऑडनी गायलीच नाही. ती ऐकत उभी राहिली.