परण्याची अर्धी चाल

दुसऱ्याच्या कार्यक्रमाला जाताना आपलं क्लॅरिनेट सोबत न्यायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी नेलंच असतं. चाळीस वर्षं बँड पार्टीच्या पुढं उभा राहून वाजवलेला माणूस मी. पोटच्या पोरीच्या कार्यक्रमाला काय हात हलवत जाऊ?

पोरगी संभाजीनगरला शाळेत संगीत शिकवते. तिथलाच एक गिटारवाला तिच्या जोडीला असतो आणि ती सॅक्सोफोन वाजवते. दोघंच. ढोल नाही, ताशा नाही. फोनवर म्हणाली, "आबा, परभणीत आमचा कार्यक्रम हाय. जॅझ म्हणत्यात त्याला. भरदुपारी हाय. येता का?"

"जेवायच्या वेळंला?"

"व्हय. लोक डबे घेऊन येत्यात. खात खात ऐकत्यात."

"त्यात काय नवं? आमी वाजवायचो तवाबी लोक जेवायचेच. आमी मागून जेवायचो."

हसली. इतक्या वर्षांत तिनं मला ऐकायला पहिल्यांदाच बोलावलं होतं. आजवर का बोलावलं नाही ते मला ठाऊक होतं. त्यातली एक गोष्ट तिच्या तोंडावर बोलून टाकायची, असं ठरवूनच मी झरीहून सकाळच्या बसमध्ये बसलो.

ती तेरा-चौदा वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. बाजारातून येत होतो, तर गल्लीच्या तोंडाशीच घरातून क्लॅरिनेट ऐकू आलं. परण्याची चाल. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्यासाठी मी स्वतः बसवलेली चाल होती ती, दुसऱ्या कुठल्या पार्टीकडं नव्हती. मला वाटलं, माझा बँडातला जोडीदार आला असेल. दारातून बघतो तर पोरगी. डोळे मिटलेले. दम कुठं घ्यायचा, कुठं चोरायचा, सगळं बरोबर. कुणी शिकवलं नव्हतं. माझंच भिंतीआडून ऐकून उचललेलं. तेवढा दम साधायला मला दोन वर्षं लागली होती.

मला लय आनंद झाला होता. हे आज लिहितो. पण शेजारचा म्हातारा ओट्यावरून खिदळला, "काय मास्तर, पुढल्या लग्नात पोरीला पुढं उभी करता काय?" झालं. तसाच आत गेलो आणि वाजतं क्लॅरिनेट तिच्या तोंडातून ओढून घेतलं. वाज्याच्या तोंडाची वेताची पत्ती ओठाला घासली, रक्त आलं. ती रडली नाही. मी वाजा पेटीत टाकून कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

तू त्या दिवशी चांगलं वाजवत होतीस. एवढंच मला तिला सांगायचं होतं.

परभणीतला तो हॉल म्हणजे एका दुकानाच्या वरचा मजला. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कूलर, आणि कोर्टातली, बँकेतली, कॉलेजातली माणसं मांडीवर डबे उघडून बसलेली. मेथीचा वास सुटला होता. पोरगी वाकून पाया पडली आणि लगेच तिची नजर पिशवीवर गेली.

"हे कामून आणलंत, आबा?"

"असू दे. तुला काय जड झालंय?"

मनात होतं, बोलावील मला वर. बापाला न बोलावून कसं चालंल? म्हणून मागच्या रांगेत बसून मी वाजा जोडून ठेवला आणि पत्ती जिभेखाली भिजवत ठेवली. कोरड्या पत्तीतून सूर निघत नाही.

पहिली दोन गाणी माझ्या डोक्यावरून गेली. गिटारवाला तारांवर काहीतरी बोलायचा, ही मधीच तोडायची, मग तो हिची नक्कल करायचा. भांडण चाललंय का गप्पा, कळेना. पण तिचा दम! एवढा जड वाजा, आणि दम कुठंच तुटत नव्हता.

मग ती म्हणाली, "हे पुढचं मी बसवलेलं हाय." नाव काही सांगितलं नाही. सुरू झालं आणि पहिल्याच सुराला मी ओळखलं. परण्याची चाल. माझी चाल. घोडा झोपेत चालावा तशी हळू करून टाकलेली, पण तीच. आणि चाल जिथं वर चढते, बरोबर तिथं ती थांबली. गिटारही थांबली. डब्यांचा आवाजसुद्धा थांबला.

आमच्या बँडात एक कायदा होता. वाजवणाऱ्याचा दम सुटला की शेजारच्यानं सूर उचलायचा, खाली पडू द्यायचा नाही. परण्यात वाजा बंद पडला की घोडा अडतो, आणि घोडा अडला की पाहुणे तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मला वाटलं, पोरगी विसरली. भरल्या लोकांत फजिती होणार तिची. पुढचं येणारा त्या हॉलात मी एकटाच होतो. पत्ती बसवली, उभा राहिलो आणि वाजवलं.

दोन ओळी बऱ्या गेल्या. मग कवळी सरकली. कोंबड्याची मान धरल्यावर तो ओरडतो तसा आवाज निघाला. कुणीतरी हसलं. कुणी "वा बाबा!" म्हणून टाळी वाजवली. मी पोरीकडं बघितलं, की उचल आता. तिनं उचललं नाही. सॅक्सोफोन गळ्यात तसाच, हात खाली सोडलेले, तोंड उतरलेलं. सूर पडला.

तिनं गिटारवाल्याला मान हलवून खुणावलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी आली. थांबली. आता सगळा हॉल वळून माझ्याकडं बघत होता. मी वाजा दोन्ही गुडघ्यांत धरून, ओठ दाबून बसलो. कूलरचं पाणी ठिबकत होतं तेवढं ऐकू येत होतं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग ती अगदी खालून, बारीक सुरात आली आणि भलत्याच वाटेनं निघून गेली. माझी पुढची चाल आलीच नाही.

कार्यक्रम सुटल्यावर जिन्यात बसून तिनं आपला डबा उघडला. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"आबा, मी इसरले नव्हते."

"मग थांबलीस कामून?"

"तितंच तुमी वढून घेतलं व्हतं."

मी म्हणलं, "पुढचं येतंय का तुला?"

"येतंय की. पण वाजवीत न्हाई."

"जिद्दी हायस."

"कुणाची पोरगी हाय?"

हीच वेळ होती. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. आणि मी काय बोललो? "पत्ती जाड लावतीस का गं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "व्हय, आबा. जाडच लागती मला." खालून गिटारवाल्यानं गाडीचा हॉर्न दिला. ती उठली, माझ्या सदऱ्यावरचे भाकरीचे कण झटकले आणि गेली.

झरीच्या बसमध्ये शेजारी एक शेतकरी बसला होता. पिशवीतून वाज्याचं टोक बाहेर आलं होतं.

"सनई हाय का, बाबा?"

"क्लॅरिनेट."

"वाजवता का?"

"माझी पोरगी वाजवती," मी म्हणालो. "लय चांगलं वाजवती. माझ्यापेक्षा चांगलं. लहानपणापासून."

परक्या माणसाला किती सहज सांगितलं गेलं.

तो पिशवीकडं बघत राहिला. "मग हे तिच्यापाशी पायजे," तो म्हणाला. "तुमच्यापाशी कामून हाय?"

मी खिडकीकडं तोंड केलं. झरी येईपर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली.