सहदेवाच्या खिशातली अक्षरं

आमच्या गावच्या सहदेव घाडीने गोरेगावात बसून अख्खा गाव अक्षरांत उतरवला. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा तो आरे कॉलनीत दुधाच्या गाडीवर लागला. संगणक शिकला तो एका फाटक्या पुस्तकावरून. पाळी संपली की गावकरी मंडळाच्या खोलीत यायचं आणि घरवार नावं तिथल्या संगणकात टिपायची. कोण कुठल्या वाडीतला, कुणाची लेक कुठे दिली. चौदा वर्षं.

मागच्या महिन्यात तो संगणक मेला. मंडळाचे अध्यक्ष भाऊ, त्यांनी नवा आणला आणि आपल्या सुनेच्या, रुचिराच्या, हाती दिला. त्या दिवसापासून सहदेवाच्या पोटात दुखू लागलं.

नावांच्या डेटाबेसचा बॅकअप सहदेवाने रुमालात गुंडाळून जपलेल्या सीडीवर होता. त्याने तो दोनदा नव्या संगणकाच्या सर्व्हरवर चढवून पाहिला. आवृत्ती फार जुनी, असं सांगून सर्व्हरने दोन्ही वेळा नाकारला.

"काका, एवढी उडी त्याला झेपत नाही," रुचिरा म्हणाली. "आधी मधल्या आवृत्तीवर उतरवू, मग तिथून वर नेऊ."

चहा निवायच्या आत नावांचा तक्ता उघडला.

"झकास गं!" भाऊ म्हणाले. सहदेवाला त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं.

पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होता. सहदेवाला लगेच उमगलं. त्याने टाइप केलं होतं जुन्या मराठी फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट या संगणकात नव्हता. होता त्याच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर. त्याने खिशावर हात ठेवला. फुटू दे तिला घाम.

तासाभराने रुचिरा खुर्चीत मागे रेलली. "बाबा, डेटाच बिघडलाय. घरोघरी फॉर्म वाटू, नव्याने भरू."

"काय रे सहदेवा," भाऊ हसले, "चवदा वर्सां ह्यांच टायपत होतंस?"

सहदेवाचे कान तापले. गप्प राहावं तर गाव पुसला जातो. बोलावं तर तिचंच नाव होतं. त्याने पेनड्राइव्ह टेबलावर आपटला.

"फॉन्ट टाक आधी. त्यात काय बिघडलं नाय."

तिने टाकला, आणि कचऱ्यातून वाड्या उगवल्या. पहिलंच नाव त्याच्या बापाचं.

"कमाल केलीस हां, रुचिरा!" भाऊ म्हणाले.

ती मात्र उठली. "बसा काका. पुढचं तुम्हीच भरा."

सहदेव बसला. खुर्ची तिच्या बसण्याने अजून उबदार होती. ती ऊबही त्याला खुपली.