चेंबरमधली हिरवी किनार

हे मी आजवर कुणापुढं बोललेली नाही. लेकीपुढं नाही, बहिणीपुढं नाही. आमचे हे तर त्याआधीच गेले — पण त्यांच्या फोटोपुढंसुद्धा नाही. देवापुढं बसले की मी भलतंच काहीतरी सांगत राहते, नातीची परीक्षा, माझे गुडघे... आणि हे तेवढं गिळते. तुम्ही म्हणाल, आजी, एवढं केलंस तरी काय? काय सांगू — घरचा संडास तुंबला होता. एवढंच. पण त्या घाणीत एका पोरीचं नाव गेलं, आणि मी काठावर उभी राहून चांगली ठरले.

थांबा, घाईनं सांगितलं तर मी पुन्हा सटकेन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी आणे पठारावरच्या खेड्यातली. शाळा पाहिली नाही, पोरांच्या पाटीवर अक्षरं शिकले. संदीपनं, माझ्या लेकानं, मंचरला बियाण्यांचं दुकान टाकलं, घर बांधलं, मला घेऊन आला. घर छान, पण संडास घरात! स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून! मला लई दिवस जेवण गोड लागेना. मग मीच त्या संडासाची मालकीण होऊन बसले. सून सुवर्णा बाहेर आली की मी आत जाऊन बघायची — पाणी नीट ओतलं का, फरशी पुसली का. "तुमच्या घोडेगावला असंच चालत असंल," असंही एकदा तिच्या माहेरावरून बोलले. ती बिचारी परत बादली घेऊन आत जायची. स्वच्छतेचा माझा तोरा असा होता. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आता अवघड आहे ते. वय झाल्यावर मला — कसं लिहू — खोकला आला, शिंक आली, की लघवी थांबेना. थेंब थेंब. कुणाला सांगणार? लेकाला? म्हणून मी ट्रंकेतलं जुनं, हिरव्या किनारीचं सुती लुगडं काढलं आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. पठारावर असताना बायकांची कापडं बांधाच्या कडेला पुरायची, कुणाला पत्ता लागत नसे. मंचरला बांध कुठला? धुऊन वाळत घालावीत तर गच्ची चारही बाजूंनी उघडी. कचऱ्यात टाकावीत तर घंटागाडी दारात उभी, ओला वेगळा, सुका वेगळा, गल्लीतल्या सगळ्या बायका एकमेकींच्या बादलीत डोकावणार. मग मी काय केलं असेल?

तुम्हाला कळलंच असेल. मी कापड भांड्यात टाकायची आणि वरून बादलीभर पाणी. जायचं हो! दिसेनासं व्हायचं. मला वाटायचं, गेलं ते गेलं.

पुढं पुढं सिंकमध्ये पाणी ओतलं की पलीकडं संडास गुडगुडायला लागला. पोटात गॅस धरल्यासारखा. बुडबुडे यायचे, पाणी वर चढायचं, हळूहळू उतरायचं. संदीप म्हणाला, माणूस बोलावू. मी म्हणाले, "कशाला? गरम पाणी घाल, सोडा घाल, मोकळं व्हतंय." तो आवाज झाला की माझ्या हातातला घास तसाच राहायचा. वाटायचं, आता हे भांडं तोंड उघडून माझं नाव सांगणार.

आणि ते नेमकं पाहुण्यांदेखत तुंबलं. सुवर्णाची आई आणि भाऊ लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. भावाचंच लग्न. मासवडीचा बेत होता. जेवणं झाली, सुवर्णानं रश्शाचं पातेलं सिंकमध्ये ओतलं, आणि न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. पार पॅसेजपर्यंत. वास तर विचारू नका.

संदीपनं लगेच तुंबलेलं काढणाऱ्या माणसाला फोन केला. भर दुपारी अंगणातलं गटाराचं चेंबर उघडलं. त्या माणसानं बांबूची लांब पट्टी आत घातली, ढकलली, पिळली, ओढली. आम्ही सगळे पायरीवर. गल्लीतल्या दोघीतिघी फाटकाशी. मी देवाला म्हणत होते, नुसता गाळ निघू दे.

"कापडं हायेत राव," तो म्हणाला. "बायकांची दिसत्यात."

त्याचं खरं म्हणजे तेवढंच काम होतं. पण सगळ्यांची मान एकाच वेळी सुवर्णाकडं वळली. माझ्याकडं कोण बघणार? माझं ते वय केव्हाच सरलेलं.

"अक्कल हाय का तुला?" संदीप ओरडला. तिच्या आईसमोर, भावासमोर.

तिचं तोंड लाल झालं. "मी नाय टाकली. मी... मी पॅड वापरते. कागदात गुंडाळून घंटागाडीत देते." हे तिला भावादेखत, परक्या पुरुषादेखत बोलावं लागलं. भावानं मान खाली घातली. आणि तिची आई, माझी विहीण, लेकीलाच म्हणाली, "आता खोटं तरी बोलू नगंस बाई."

मी बोलू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं — माझी आहेत. पण तेवढ्यात बांबूला एक पट्टी लोंबकळत आली, तिची किनार अजून हिरवी होती. माझ्या लुगड्याची. सुवर्णा पदरात तोंड घालून रडत होती, तिनं पाहिलं नाही. मी पुढं झाले. "अवो भाऊ, घाण काय बघत बसलाय? भरा गोणीत लवकर." आणि मग — ऐका, खरा गुन्हा हा आहे — मी सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना म्हणाले, "जाऊ द्या. पोरगी लहान हाय. कळंल हळूहळू."

मी तिला माफ केलं! मी!

विहीण माझ्या पाया पडली. म्हणाली, अशी सासू मिळायला नशीब लागतं. मी पाय मागं घेतले का? नाही घेतले. पुढं गल्लीत हेच झालं — आजीचा जीव केवढा मोठा. कुणाच्या सासवा-सुनांचं भांडण झालं की माझं उदाहरण द्यायचे. मी ऐकून घ्यायची, आणि मला ते गोड लागायचं, हेही खोटं नाही.

सुवर्णानं तो विषय पुन्हा काढला नाही. भावाच्या लग्नात मात्र ती मागं मागंच राहिली, वरातीत नाचली नाही. तिला नाचायची केवढी हौस!

आता माझं सगळं तीच करते. मोठ्या माणसांचे डायपर तीच आणते, तीच बदलते, कागदात गुंडाळून घंटागाडीत देते. पहिल्यांदा मी लाजले तर म्हणाली, "आई, त्यात काय लाजायचं?"

परवा संडास परत गुडगुडला. नात हसून म्हणाली, "मम्मी, परत टाकलंस का काय?" संदीप हसला. सुवर्णाही हसली. आणि मी — मीसुद्धा हसले.

ती कापडं माझी होती. सुवर्णा खरं बोलत होती.

मला बारीक छपाई आता दिसत नाही. घरात येईल तो पेपर, मासिक सुवर्णाच मला वाचून दाखवते, दुपारची भांडी झाल्यावर, माझ्या खाटेशी बसून. हे छापून आलं तर हेही तीच वाचेल. वाचता वाचता मधेच थांबली, तर मी तिला पुढं वाच म्हणणार नाही.