काचेचं कॅबिनेट

लातूरला ट्यूशन एरियातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी प्रिंटरची शाई घ्यायला गेलो होतो. माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ होते. दुकानदार कॉम्प्युटरच्या आत बसवायचा एकेक पंखा लावून दाखवत होता आणि ते कान जवळ नेऊन, डोळे मिटून ऐकत होते. असे चार पंखे त्यांनी नापास केले.

"काका, गेमिंगचा कॉम्प्युटर नातवाला का?" दुकानदाराने विचारलं.

"न्हाई, मला. नात डॉक्टरकीचा अभ्यास करायलीय. खोलीत खोकलायची बी बंदी हाय. दिवसभर मी काय करू?"

पैसे बेताचेच होते. प्रोसेसर त्यांनी साधा घेतला, ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल म्हणाले. कॅबिनेट मात्र काचेचंच हवं होतं. दुकानदाराने स्वस्त आणि मजबूत म्हणून पत्र्याचं पुढे केलं.

"मजबुतीचं मला सांगू नका," ते शांतपणे म्हणाले. "भूकंपात आमची दोन हात रुंद दगडी भिंत ढासळली. लोणच्याची काचेची बरणी तेवढी राहिली."

दुकानदाराने काचेचं काढलं.

जोडणी होईपर्यंत मीही उगाच थांबलो. तपासणीसाठी दुकानदाराने बस चालवायचा गेम लावला. काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर निघाले. बसताच त्यांनी नसलेला आरसा नीट केला. पडद्यावर वळण आलं, तसा त्यांनी उजवा हात खिडकीबाहेर काढावा तसा लांब केला.

मी त्यांच्या उजवीकडेच उभा होतो. मागे सरून मी एसटीला वाट दिली.